ऑडिओबुक ‘वाचलं’ म्हणायचं का? दिवाळी अंक मोजायचा का? ऑनलाइन रीडिंग चॅलेंजमधले नियम आणि नेहमीची भांडणं

जानेवारी उजाडला की इन्स्टाग्रामवर ‘या वर्षी 50 पुस्तकं’ अशा स्टोऱ्यांचा पाऊस पडतो. व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप तयार होतो, पुस्तकांच्या थप्पीचा डीपी लागतो आणि पहिले पंधरा दिवस सगळे एकमेकांना टाळ्यांच्या इमोजी पाठवत असतात. मग कुणीतरी लिहितं, ‘माझं सातवं पूर्ण!’ त्यावर दुसऱ्याचा प्रश्न येतो, ‘पण त्यातली तीन तर तू ऐकलीस ना?’

इथून पुढे ग्रुप शांत राहत नाही.

हे भांडण फक्त मराठी ग्रुपांपुरतं नाही. जिथे जिथे लोक एकत्र येऊन वाचनाचा हिशोब ठेवतात, तिथे तेच प्रश्न फिरून फिरून येतात. जुन्या आणि मोठ्या चॅलेंजेसनी त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं कधीच शोधून ठेवली आहेत.

आधी हे चॅलेंज म्हणजे काय?

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला आकड्यांचा. 2007 मध्ये सुरू झालेल्या आणि 2013 मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेल्या ‘गुडरीड्स’वर तुम्ही वर्षाचं लक्ष्य ठरवता आणि साइट मोजत राहते. दुसरा प्रकार सूचनांचा. ‘बुक रायट’ या अमेरिकी साइटचं ‘रीड हार्डर’ हे चॅलेंज 2015 पासून सुरू आहे. त्यात 24 कामं दिली जातात, म्हणजे महिन्याला दोन. पहिल्या वर्षीच्या यादीत पंचविशीच्या आतल्या लेखकाचं पुस्तक होतं, पासष्टी ओलांडलेल्या लेखकाचं होतं, अनुवादही होता. तिसरा प्रकार म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक ठरलेल्या वेगाने वाचायचं.

तिन्हींचे नियम वेगळे असतात. ग्रुपमधली निम्मी भांडणं होतात ती आपण नक्की कोणता प्रकार खेळतोय, हे सुरुवातीला कुणी सांगितलेलं नसतं म्हणून.

ऐकलेलं पुस्तक मोजायचं का?

मोठी चॅलेंजेस मोजतात. गुडरीड्सवर ऑडिओबुक ही पुस्तकाची आणखी एक आवृत्तीच समजली जाते. ‘स्टोरीग्राफ’ हे दुसरं लोकप्रिय ॲप तर पुस्तकांसोबत पानांचं आणि तासांचंही वेगळं लक्ष्य ठेवू देतं, त्यामुळे वाद बराचसा मिटतो.

‘पण ऐकताना लक्ष कुठे असतं?’ हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांना एकाच पुस्तकातला मजकूर कुणाला ऐकायला, कुणाला स्क्रीनवर वाचायला, तर कुणाला दोन्ही एकदम करायला दिला. नंतर प्रश्न विचारले, दोन आठवड्यांनी पुन्हा विचारले. तिन्ही गटांच्या आकलनात लक्षणीय फरक दिसला नाही. आता हा एकच अभ्यास आहे आणि तत्त्वज्ञानाचं जड पुस्तक भांडी घासताना ऐकलं तर काय होईल, हे त्यावरून सांगता येणार नाही. पण ‘ऐकणं म्हणजे फसवणूक’ हा दावा त्यापुढे टिकत नाही, एवढं नक्की.

हा नियम ठरवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. ग्रुपमध्ये दृष्टिहीन किंवा कमी दिसणारी व्यक्ती असेल, तर ‘ऑडिओबुक चालणार नाही’ या एका ओळीने ती स्पर्धेबाहेर जाते. लोकलमध्ये उभ्याने तास-दीड तास काढणाऱ्यांचंही तसंच. गर्दीत पुस्तक उघडायलाच जागा नसते, कानात इअरफोन मात्र घालता येतो.

पुस्तक म्हणायचं तरी कशाला?

या प्रश्नाला चक्क अधिकृत उत्तर आहे. युनेस्कोने 1964 मध्ये पुस्तकाची व्याख्या केली: मुखपृष्ठं सोडून किमान 49 पानं असलेलं, नियतकालिक नसलेलं छापील प्रकाशन. ती केली होती ग्रंथप्रकाशनाची आकडेवारी सगळ्या देशांत सारखी मोजता यावी म्हणून, वाचणाऱ्यांना परीक्षेला बसवण्यासाठी नव्हे.

मराठी ग्रुपसाठी यात खरी गोम आहे. ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये काढलेल्या अंकापासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा या व्याख्येत बसतच नाही, कारण दिवाळी अंक हा अंक आहे, पुस्तक नाही. पण जाडजूड दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला एखाद्या कादंबरीइतकाच वेळ लागतो. मग तो शून्य धरायचा? साधा तोडगा म्हणजे पूर्ण वाचलेला अंक एक पुस्तक समजायचा आणि राशिभविष्य व पाककृती वाचून बाजूला ठेवलेला मोजायचा नाही. कुणी काय वाचलं हे तपासायला कुणी येणार नाही, हे अर्थातच सगळ्यांना माहीत असतं.

मराठी वाचकांची आणखी एक अडचण म्हणजे अनेक जुनी पुस्तकं गुडरीड्सवर सापडतच नाहीत किंवा एकच पुस्तक तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने नोंदलेलं असतं. त्यामुळे वर्षभर मराठी वाचणाऱ्याचा आकडा ॲपवर कमी दिसू शकतो. अशा ग्रुपने ॲपवर विसंबण्यापेक्षा साधी गुगल शीट ठेवलेली बरी.

अर्धवट राहिलेलं, पुन्हा वाचलेलं, डिसेंबरात सुरू केलेलं

गुडरीड्सचा हिशोब सरळ आहे: पुस्तक ज्या तारखेला संपलं, त्या वर्षात ते धरलं जातं. डिसेंबरात 300 पानं वाचली आणि 2 जानेवारीला उरलेली वीस, तरी ते नव्या वर्षाचं. पुन्हा वाचलेलं पुस्तकही वाचल्याच्या नव्या तारखेने मोजता येतं. अर्धवट सोडलेलं नाही.

एकच पुस्तक दोन सूचनांना चालेल का? ‘रीड हार्डर’ने ते वाचकावर सोडलं आहे. 24 कामांसाठी 24 पुस्तकं वाचा, नाहीतर एकाच पुस्तकात तीन कामं उरका. तरुण लेखिकेचा अनुवादित कथासंग्रह मिळाला की अनेकांचे डोळे चमकतात ते यामुळेच.

आकड्यांचा खेळ मात्र वाचणाऱ्याला नकळत बदलतो. वर्षाला 52 म्हणजे आठवड्याला एक. ऑक्टोबरमध्ये आपण दहा पुस्तकं मागे आहोत असं दिसलं, की हात आपोआप नव्वद पानांच्या पुस्तकाकडे जातो आणि सहाशे पानांची कादंबरी पुन्हा कपाटात. म्हणून काही ग्रुप पुस्तकांऐवजी पानं मोजतात. गुडरीड्सवर लक्ष्य वर्षाच्या मध्येही बदलता येतं. 50 चं 20 केलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण स्क्रीनशॉट आधीच टाकलेला असतो, खरं दुखणं ते.

एकच पुस्तक सगळ्यांनी वाचायचं असेल तर?

2009 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ‘इन्फिनिट समर’ नावाचा उपक्रम झाला. डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांची हजारांहून अधिक पानांची ‘इन्फिनिट जेस्ट’ ही कादंबरी आठवड्याला 75 पानं अशा वेगाने वाचायची होती. मार्च 2020 मध्ये, कोरोनाने जग घरात बसलं तेव्हा, लेखिका यियुन ली यांनी ‘अ पब्लिक स्पेस’ या साहित्यिक नियतकालिकासोबत टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ वाचायला घेतली. रोज साधारण बारा ते पंधरा पानं, म्हणजे अर्धा तास.

या दोन्हींत जमलेली गोष्ट म्हणजे आजचा टप्पा कुठे संपतो, हे प्रत्येकाला माहीत होतं. मात्र आवृत्ती बदलली की पान क्रमांक बदलतात आणि किंडलवर तर अक्षरांचा आकार वाढवला तरी पडदे बदलतात. त्यामुळे टप्पा पानांऐवजी प्रकरणांत सांगणं सोयीचं. ‘श्यामची आई’ यासाठी आयतीच आहे. तिच्यात 42 रात्री आहेत, रोज एक वाचली तर सहा आठवडे.

शेवट फोडणाऱ्यांचं काय? स्टोरीग्राफवर सोबत वाचताना तुम्ही एखाद्या टप्प्यावर लिहिलेली टिप्पणी, दुसरा वाचक तिथवर पोहोचेपर्यंत त्याला उघडत नाही. व्हॉट्सॲपवर ही सोय नाही. तिथे मेसेजच्या सुरुवातीला प्रकरणाचा क्रमांक टाकणं आणि मग पाच-सहा रिकाम्या ओळी सोडणं, एवढंच हातात आहे.

‘कुणाकडे पीडीएफ आहे का?’

सगळ्यात गंभीर प्रश्न हा आणि तो सगळ्यात सहज विचारला जातो.

भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षं त्याच्या पुस्तकावर कॉपीराइट असतो. साने गुरुजींचं निधन 1950 मध्ये झालं, म्हणजे त्यांचं लेखन 2011 पासून सगळ्यांना खुलं आहे. वि. स. खांडेकर 1976 मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क 2036 च्या अखेरपर्यंत आहे. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांवरचा 2060 पर्यंत. त्यामुळे ‘जुनं पुस्तक आहे, चालतं’ हा तर्क कायद्यात बसत नाही. अनुवादाचा तर वेगळा हिशोब आहे. टॉलस्टॉय कधीच कॉपीराइटमुक्त झाले असले, तरी अलीकडे झालेला त्यांचा मराठी अनुवाद तसा नसतो.

जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्रुपमधल्या एका पीडीएफवरून कुणी दारात पोलीस येताना पाहिले नसतील. पण मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेक वेळा छोटी असते. दोनशे जणांच्या ग्रुपने एकाच स्कॅनवर चॅलेंज पूर्ण केलं, तर लेखकाच्या हिशोबात तो फटका लगेच दिसतो. परीक्षण लिहिताना दिलेला छोटा उतारा चालतो. पूर्ण पुस्तक नाही.

फुकटच हवं असेल, तर तालुक्याच्या आणि गावच्या वाचनालयांची वर्गणी अजूनही परवडते आणि तिथलं पुस्तकही चॅलेंजमध्ये मोजता येतं.

वेळ कुणाच्या घड्याळाची?

पुण्यात 31 डिसेंबरचे रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा न्यू जर्सीतल्या मराठी वाचकाकडे दुपारचा दीड वाजलेला असतो. त्याच्याकडे वर्ष संपायला अजून साडेदहा तास आणि कदाचित एक अख्खं पुस्तक शिल्लक असतं. वर्षभराच्या चॅलेंजमध्ये ‘ज्याचं त्याचं घड्याळ’ हा नियम चालून जातो, पण एका दिवसाच्या खेळात अडचण होते.

ऑक्टोबर 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘ड्यूईज 24 अवर रीडाथॉन’ने यावर सोपा उपाय काढला: जगभर एकाच क्षणी सुरुवात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी सकाळी आठ, म्हणजे भारतात संध्याकाळचे साडेपाच. इथल्या वाचकाच्या वाट्याला सुरुवातीलाच अख्खी रात्र येते. झोपायला बंदी नाही, 24 तास सलग वाचायची सक्तीही नाही. पुढे याच मंडळींनी बारा तास उलट फिरवलेलं ‘रिव्हर्स रीडाथॉन’ही सुरू केलं. त्यात अमेरिकेत शुक्रवारची रात्र असते आणि भारतात शनिवारची पहाट, साडेपाच वाजता, चहाच्या कपासोबत.