रजनीशपुरममधला एक दिवस

ओरेगन, अमेरिका. भगवान रजनीशांच्या अनुयायांची वसाहत. १९८४चा उन्हाळा.

उजाडताना
अंगात लालसर कपडे, गळ्यात १०८ मण्यांची माळ आणि तिला भगवान रजनीशांचा फोटो. कामावर जाण्याआधी त्यांच्या घराकडे तोंड करून गुडघे टेकायचे आणि ‘गच्छामि’ म्हणायचं. शब्द आपल्या ओळखीच्या त्रिशरणाचेच. माथा मात्र झुकायचा त्या घरात राहणाऱ्या माणसापुढे.

सकाळ
६४,००० एकरांच्या या माळरानावर रस्ते, घरं, शेती सगळं त्यांचे अनुयायी, म्हणजे संन्यासीच करत. रोज बारा-बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, पगाराविना. पण इथे कामाला काम म्हणत नसत. काम म्हणजे ‘वर्शिप’, पूजा. खातं म्हणजे ‘टेंपल’. सगळी मेख मला या शब्दांत दिसते. काम जास्त झालं तर माणूस कुरकुरतो, सुट्टी मागतो. पूजेला सुट्टी कुठल्या तोंडाने मागणार? मागितलीच, तर ती तुमची ‘निगेटिव्हिटी’. थकव्याचाही अपराध व्हायचा.

दुपारी दोनच्या सुमारास
सगळे रस्त्याच्या कडेला ओळीने उभे. रजनीशांची रोल्स-रॉइस संथपणे येते, आतले हात नमस्कार करतात. (पुढच्या वर्षापर्यंत अशा ९३ गाड्या झाल्या.) कोणी गातं, कोणी रडतं. तो आनंद खरा होता, असं बाहेर पडलेलेही सांगतात. ते हे लपवत नाहीत, म्हणून त्यांच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसतो.

संध्याकाळ
जेवण, मग नाच. मुलं बरेचदा आईबापांपासून वेगळी राहत. याच पंथाच्या इंग्लंडमधल्या कम्यूनमध्ये वाढलेल्या टिम गेस्ट यांनी आईसाठी झुरणारं ते बालपण २००४मध्ये ‘माय लाइफ इन ऑरेंज’मध्ये लिहिलं.

रात्र
दमलेली माणसं झोपतात. फोनवरचं बोलणं चोरून ऐकलं जातंय, हे बहुतेकांना कळलं ते पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात, रजनीशांच्या सचिव शीला निघून गेल्यावर. द डॅल्स या गावातल्या उपाहारगृहांत जंतू मिसळून ७५१ माणसांना आजारी पाडणारेही आपल्यातलेच, हेही तेव्हाच उघड झालं.

ऑस्ट्रेलियाहून आधी पुण्याला आणि मग इथे आलेल्या जेन स्टॉर्क शीलाच्या आतल्या गोटातल्या. १९८५मध्ये त्यांनी रजनीशांच्या डॉक्टरला मारण्यासाठी सुई टोचली. डॉक्टर वाचला, त्या तुरुंगात गेल्या. त्यांचं ‘ब्रेकिंग द स्पेल’ आलं २००९मध्ये. त्या सुईनंतर चोवीस वर्षांनी.