घरापुढील हिरवळ आणि मनमाडचें पाणी

मनमाड स्टेशनावर उभें राहून अनकाई-टनकाईच्या बाजूस दृष्टि टाकली, तर फाल्गुनापासून रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत हिरवें म्हणून जें दिसतें तें बहुधा कडुनिंबाचें झाड असतें. बाकी सारा मुलूख मुरमाच्या रंगाचा. अशा ठिकाणीं घरापुढें बारमाही हिरवळ राखण्याची हौस आमच्या बागाईतदार मंडळींत अलीकडे फार वाढली आहे. कांद्याचे दोन पैसे हातीं आले, मळ्यांत नवें घर बांधून झालें, कीं पहिला प्रश्न निघतो तो "पुढें लॉन कोणतें लावावें?" हाच. (आमच्या जिल्ह्यांत ‘लॉन्स’ या शब्दाचा अर्थ आतां लग्नाचें कार्यालय असा होऊन बसला आहे, ही गोष्ट निराळी.) हौसेस आमचा विरोध नाहीं. परंतु गवताची निवड करतांना जो विचार कांद्याचें बीं घेतांना आपण करतों, त्याच्या चौथाई विचारही कोणी करीत नाहीं, म्हणून हा लेख.

घरापुढें कातरलेलें गवत राखण्याची ही तऱ्हा मुख्यतः इंग्लंडांत वाढली. तेथें वर्षभर थोडाथोडा पाऊस, आकाश ढगाळ आणि ऊन सौम्य. गवत आपोआप वाढतें, आणि तें कापावें कसें हाच काय तो प्रश्न. १८३० सालीं एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. कापडाच्या गिरणींत लोकरीचे तंतु कातरणारें यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. तेथील फेस्क्यू, राय वगैरे गवतें थंड हवेचीं. आमच्या वैशाखांत तीं टिकावयाचीं नाहींत. शिवाय आमची गरज उलट आहे. याच नाशिक जिल्ह्यांत इगतपुरीस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि नांदगांव-मनमाडकडे येतां येतां तो पांचशेंच्या आसपास उरतो. वागदर्डीच्या तलावावर भिस्त ठेवणाऱ्या मनमाडकरांनीं नळास पंधरा-वीस दिवसांआड पाणी येण्याचीं वर्षें पाहिलेलीं आहेत. तेव्हां येथें गवत निवडावयाचें तें तहान सोसण्याच्या गुणावरून, रूपावरून नव्हे.

मीं स्वतः रूपावरून निवडलें आणि फसलों. घराची वास्तुशांत माघांत झाली. पाहुण्यांस पुढचें अंगण हिरवें दिसावें म्हणून एका रोपवाटिकेंतून ‘कोरियन कार्पेट’ नांवाच्या गवताच्या तयार लाद्या आणून एक गुंठाभर पसरल्या. हें झॉयसिया जातीचें गवत. पान सुईसारखें बारीक, पायास गालिच्यासारखें मऊ. विकणाऱ्यानें पाण्याविषयीं एक शब्द सांगितला नाहीं, आणि मींही विचारला नाहीं. चैत्रांत विहीर तळास गेली. टँकर मागविला, तो आधीं गुरांस व घरास लागला. उरलेल्या पाण्यावर गवत कसेंबसें जगलें, आणि वैशाखाच्या अखेरीस त्याचे टक्कल पडल्यासारखे पट्टे दिसूं लागले. या जातीची वाढ अत्यंत मंद, त्यामुळें पावसाळा आला तरी ते पट्टे भरून आले नाहींत. भरून आली ती बांधावरची हरळी. दोन महिन्यांत तिनें सारी मोकळी जागा व्यापली, आणि दुसऱ्या वर्षीं माझ्याकडे पाहुणे ज्या हिरवळीची वाखाणणी करूं लागले ती फुकटची हरळी होती.

आतां हरळीचें नांव काढतांच वाचक कपाळास हात लावतील. जिच्या काशा वेचण्यांत आमच्या दोन पिढ्यांच्या कमरा वांकल्या, ती पैसे देऊन दारांत लावावयाची काय? परंतु थोडा विचार केला तर ध्यानांत येईल कीं, ज्या गुणांमुळें ती शेतांत वैरीण होते तेच गुण अंगणांत उपयोगी पडतात. तिच्या प्रत्येक पेऱ्यास मूळ फुटतें. जमिनीवरून धांवणारे दोर आणि जमिनींतील काशा अशा दोन वाटांनीं ती पसरते. तुडविल्यानें ती मरत नाहीं, गुरांनीं खाल्ल्यानें मरत नाहीं, मचूळ पाणीही ती सोसते. मुख्य गोष्ट ही कीं, पाणी तुटलें म्हणजे तिचें पान वाळतें पण काशी जिवंत राहते, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत ती पुन्हा हिरवी होते. वाळलेली हरळी मेलेली नसते, हें समजून घेतलें म्हणजे निम्मी काळजी दूर झाली. गणपतीस वाहावयाच्या दूर्वा त्या याच. जगांत हिला बर्म्युडा गवत म्हणतात, आणि अमेरिकेंत जॉर्जिया राज्यांतील टिफ्टन येथें हिचा आफ्रिकेंतील एका भावकीच्या गवताशीं संकर करून ‘टिफ’ नांवाच्या बारीक पानांच्या जाती काढलेल्या आहेत. त्यांस बीं धरत नाहीं, दोरांपासूनच लावाव्या लागतात. आमच्याकडे ‘सिलेक्शन १’ या नांवानें मिळणारी बारीक हरळी घरगुती अंगणास पुरेशी आहे. तीही न मिळाल्यास एखाद्या जुन्या, चरून आंखूड राहिलेल्या पडीक जागेवरची बारीक पानांची हरळी निवडून आणावी. रोपवाटिकांतल्या नांवांवर फार विसंबूं नये. एकाच गवतास दोन ठिकाणीं दोन नांवें ऐकण्याचा प्रसंग मजवर आला आहे.

हरळीचा एकच मोठा दोष, तिला सावली मानवत नाहीं. कडुनिंबाखालीं ती विरळ होत जाऊन नाहींशी होते. सावलींत चालणारें सेंट ऑगस्टीन नांवाचें रुंद पानांचें गवत आहे, परंतु त्यास पाणी अधिक पाहिजे. माझें मत विचाराल तर निंबाखालीं गवत लावूंच नये. तेथें सारवलेलें अंगण असावें आणि त्यावर बाज टाकावी.

पाण्याचा हिशेब मात्र कागदावर मांडून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. चैत्र-वैशाखांत हरळी हिरवीगार ठेवावयाची तर दररोज सरासरी पांच मिलिमीटर धरावे लागतात. म्हणजे गुंठ्यास दिवसाचें पांचशें लिटर. दुभती संकरित गाय उन्हाळ्यांत साठ-सत्तर लिटर पाणी पिते. तेव्हां गुंठाभर हिरवळ म्हणजे दावणीस सात गाई अधिक बांधल्याप्रमाणें झालें. दहा हजार लिटरांचा टँकर वीस दिवसांत संपेल, आणि एप्रिल-मे मिळून तीन टँकर लागतील. यास्तव पाव गुंठ्याहून अधिक हिरवळ करूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. तेवढ्यावर खाट, चार खुर्च्या आणि खेळणारीं मुलें सहज मावतात.

लावणीचा काळ आषाढ. तत्पूर्वीं उन्हाळ्यांत जागा वीतभर खणून लव्हाळ्याच्या गांठी वेंचाव्या. वळवाचा पाऊस झाल्यावर उरलेल्या गांठी उगवतात, त्या पुन्हा खणून काढाव्या. या कामांत आळस केला तर पुढें दरवर्षीं बसून उपटीत राहावें लागतें. नुसत्या काळ्या मातीस उन्हाळ्यांत भेगा पडतात व पावसाळ्यांत ती चिकट होते, म्हणून तींत बारीक मुरूम किंवा नदीची वाळू मिसळावी. शेणखत पूर्ण कुजलेलें घालावें, कारण कच्च्या खतांतून तणाचें बीं येतें. घराकडून बाहेरच्या बाजूस शंभर फुटांस एक फूट असा उतार द्यावा. मग हरळीचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे करून चार-चार इंचांवर डोबावे, अथवा ते तुकडे शेण व मातीच्या पातळ काल्यांत कालवून इंचभर जाडीनें जमिनीवर लिंपावे. दुसरी रीत अंगण सारवणाऱ्या बायकांस सांगावी लागत नाहीं.

पहिली कापणी विळ्यानें करावी. दोर नीट रुजण्यापूर्वीं यंत्र फिरविल्यास ते उपटून येतात. पुढें पावसाळ्यांत आठ-दहा दिवसांनीं कापावें, आणि एका वेळीं उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक पान काढूं नये. श्रावणांत व भाद्रपदांत गुंठ्यास एक किलो या प्रमाणानें युरिया, पान कोरडें असतांना फेंकून लगेच पाणी द्यावें. कापलेलें गवत वासरांस घालतां येतें, म्हणून हिरवळीवर विषारी औषधें मारूं नयेत. न्हाणीचें पाणी हिरवळीस चालतें. कपडे धुण्याच्या पुडीचें पाणी मात्र देऊं नये. त्यांतील सोडियमानें काळी जमीन चोपण होते.

माघ सरला कीं कापणी थांबवावी व पान दोन इंच उंच राहूं द्यावें, म्हणजे मुळांवर सावली राहते. मग गवत पिवळें पडूं लागलें तरी घाबरूं नये. पंधरा-वीस दिवसांतून एकदां, सायंकाळीं, पाव गुंठ्यास अडीचशें-तीनशें लिटर पाणी एकदम द्यावें. रोज शिंपडलेलें थोडें पाणी वरच्यावर उडून जातें व मुळें वर येतात. ज्या वर्षीं तेवढेंही पाणी नसेल त्या वर्षीं कांहींच देऊं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दारची हरळी शेतांत जातां कामा नये. माझ्या घराच्या पूर्वेस उळे टाकण्याचा वाफा होता. हिरवळीपासून जेमतेम चार हात. दोन पावसाळ्यांत हरळीचे दोर त्यांत शिरले. कांद्याचीं मुळें वरच्या फूटभर मातींतच असतात आणि पान उभें असल्यामुळें सावली पडत नाहीं, म्हणून हरळीस तो वाफा फार मानवला. त्यांत घाई करून मीं रोटाव्हेटर फिरविला, आणि एका काशीचे वीस तुकडे होऊन वीस ठिकाणीं फुटले. अखेर भर चैत्रांत खोल नांगरट करून ढेंकळें महिनाभर तापूं दिलीं, तीन वेळां काशा वेंचून काढल्या, व त्या वर्षीं उळे शेजाऱ्याच्या रानांत टाकलें.

तेव्हांपासून माझ्या हिरवळीभोंवतीं शहाबादी फरशी दीड फूट खोल उभी गाडलेली आहे, जमिनीच्या वर चार बोटें. तिच्या बाहेर गाडीवाट आहे. फरशीवरून बाहेर पडणारे दोर दर आठवड्यास विळ्यानें तोडतों आणि ते उकिरड्यावर न टाकतां उन्हांत पुरते वाळवून जाळतों, कारण उकिरड्यावर टाकलेली काशी खताबरोबर परत शेतांतच जाते.