द्राक्षाच्या बीत औषध किती?

नाशिक-दिंडोरीकडच्या वायनरींत रस काढून झाला की मागे चोथा उरतो. द्राक्षांच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, त्यात साली आणि बिया. गंमत अशी, की ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणून मान मिळतो ती पॉलिफेनॉल द्रव्ये गरापेक्षा या चोथ्यातच अधिक असतात. निम्म्याहून जास्त वाटा एकट्या बियांचा. बी चावली की तोंड तुरट होते ते त्यांच्यामुळेच.

बीतल्या मुख्य द्रव्यगटाचे नाव प्रोअँथोसायनिडिन. फ्रान्समध्ये जाक मास्केलिए यांनी १९४०च्या दशकात तो आधी शेंगदाण्याच्या लाल सालीतून वेगळा केला. द्राक्षाच्या बीकडे ते नंतर वळले. काळ्या द्राक्षाच्या सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य असते.

प्रयोगशाळेत हा अर्क जिवाणूंची वाढ रोखतो, हे खरे. गळवात पू करणारा स्टॅफिलोकोकस, अन्नातून येणारा लिस्टेरिया हे त्यापुढे लवकर नमतात. ई. कोलायला बाहेरून आणखी एक आवरण असते, त्यामुळे तो चिवट ठरतो. पण काचेच्या बशीत जी मात्रा चालते ती रक्तात पोचत नाही. यातले मोठे रेणू आतड्यातून शोषलेच जात नाहीत. म्हणून मांस टिकवायला अर्क उपयोगी पडू शकेल; लघवीतल्या जंतुसंसर्गावर अँटिबायोटिकऐवजी तो घेणे धोक्याचे.

नावाचाही घोटाळा होतो. ‘ग्रेपफ्रूट’ म्हणजे द्राक्ष नव्हे, ते पपनसाच्या नात्यातले फळ. त्याच्या बियांच्या काही अर्कांत जंतू मारणारे खरे द्रव्य बाहेरून मिसळलेले कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्ह निघाले होते!

द्राक्षबीच्या कॅप्सूलने काही चाचण्यांत रक्तदाब किंचित उतरला. एवढ्यावर कुणी रोजची गोळी बंद करू नये. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्राव वाढण्याची शक्यता धरून आधी डॉक्टरांना विचारावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर या कॅप्सूलबद्दल आवर्जून सांगावे. ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून पुष्कळ जण ती औषधांच्या यादीत धरतच नाहीत.

बाजारातली थॉमसन, सोनाका सीडलेस असतात, म्हणजे बी नाही, साल आहे. नीट धुऊन सालीसकट खावीत. मधुमेह असेल तर मोजून. शंभर ग्रॅम द्राक्षांत साधारण १६ ग्रॅम साखर असते.