इतिहासकाराचा व्यवसाय आणि खानदेशातील वैद्य

आयुर्वेद हे अनादि शास्त्र आहे, असे आपण परंपरेने मानतो. ज्याला आदी नाही त्याला इतिहास कसला, असा प्रश्न त्यामुळे आपल्या वर्तुळात अधूनमधून विचारला जातो. परंतु शास्त्राची तत्त्वे नित्य मानली तरी ग्रंथ हे माणसांनी रचले, नकलाकारांनी उतरविले, टीकाकारांनी लावले आणि वैद्यांनी वापरले. या सर्व गोष्टी विशिष्ट काळी व विशिष्ट स्थळी घडल्या. चरकसंहितेचेच उदाहरण पुरेसे आहे. अग्निवेशाने रचलेल्या तंत्राचा चरकाने प्रतिसंस्कार केला. पुढे चिकित्सास्थानाचे १७ अध्याय तसेच कल्पस्थान व सिद्धिस्थान उपलब्ध नसल्यामुळे ती उणीव दृढबलाने भरून काढली. ही माहिती दृढबलाने स्वतःच नोंदवून ठेवली आहे. म्हणजे आपल्या आद्य ग्रंथातच त्याच्या इतिहासाचे प्रकरण आलेले आहे.

हा विषय येथे घेण्याचे कारण व्यावहारिकही आहे. वैद्यांच्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी इतिहासाच्या अभ्यासाकडे वळू पाहते, तेव्हा पालकांना चिंता वाटते. हा व्यवसाय आहे की केवळ छंद? त्यावर पोट भरते काय? आणि आपल्या शास्त्राला त्याचा उपयोग कोणता? या तीन प्रश्नांचा विचार आम्ही खानदेशच्या संदर्भात करू इच्छितो, कारण या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांइतकी सोयीची भूमी थोडीच सापडेल.

राजवाड्यांचे धुळे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेल्या या पुरुषाने काही काळ शिक्षकी केली व ती सोडून उर्वरित आयुष्य संशोधनास वाहिले. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. गावोगाव हिंडून, हाताने स्वयंपाक करून, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरील रुमाल सोडवून त्यांनी कागद गोळा केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात आहेत. या मालेचे एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचा कागदपत्रांचा संग्रह, हस्तलिखिते व टिपणे मंडळाने सांभाळली. त्यांनी जमविलेला मराठी धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली १९३७ मध्ये मंडळानेच प्रसिद्ध केला, आणि पुढे त्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत वाचकांच्या हाती दिले.

राजवाड्यांची अनेक मते, विशेषतः काही व्युत्पत्ती व समाजविषयक सिद्धान्त, पुढील विद्वानांनी स्वीकारले नाहीत. त्यांनी छापलेली पत्रे मात्र आजही प्रत्येक अभ्यासकाला हाताळावी लागतात. अनुमान करणाऱ्याचे मत काळाच्या ओघात बदलते, साधन जतन करणाऱ्याचे काम राहते. इतिहासकाराच्या व्यवसायाचा पाया साधनांवर आहे, हे या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्याने प्रथम मनावर घ्यावे.

धुळ्याचे दुसरे उदाहरण शंकर श्रीकृष्ण देव यांचे. व्यवसायाने वकील असलेल्या नानासाहेब देवांनी समर्थ रामदासांच्या व त्यांच्या संप्रदायाच्या बाडांचा शोध घेण्यात आयुष्य वेचले. १८९३ मध्ये स्थापन झालेली सत्कार्योत्तेजक सभा व त्यानंतर उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर ही त्या कार्याची फळे होत. एकाने उपजीविकेचा विचारच सोडून दिला, तर दुसऱ्याने ती सांभाळून संशोधन केले. दोन्ही मार्गांनी खरे काम होते, हे धुळ्याने दाखवून दिले आहे.

वैद्य इतिहासकार

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ मधील एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने येथे मठ स्थापिला आणि निकुंभ कुळातील मांडलिकांनी त्यास दान दिले, असे या लेखावरून कळते. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असल्याने मराठी भाषेच्या अभ्यासातही त्याचे मोल मोठे आहे.

हा लेख विद्वानांच्या नजरेस आणून देणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे व्यवसायाने चिकित्सक होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. कुष्ठरोगावर देशी वनस्पतींच्या तेलाचा उपयोग करून पाहणारा हा वैद्यकशास्त्रज्ञ रुग्ण पाहून उरलेल्या वेळात शिलालेख, नाणी व हस्तलिखिते वाचत असे. भास्कराचार्यादी ज्योतिषांच्या कालनिर्णयावरील त्यांचा निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. चिकित्सक हा इतिहासकार होऊ शकतो काय, या शंकेचे उत्तर खानदेशच्याच दगडावर कोरलेले आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

याच डोंगररांगेत, कन्नड तालुक्याच्या हद्दीत परंतु चाळीसगावला लागून, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील प्राचीन ब्राह्मी दानलेखांत ‘राजवेज’ म्हणजे राजवैद्य असे बिरुद असलेल्या मगिल नामक गृहस्थाचे नाव येते. त्याच्या मुलाने व मुलीने दिलेल्या दानांचाही तेथे उल्लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास आपल्या शेजारी एक वैद्य कुटुंब नांदत होते, त्यास राजाश्रय होता आणि घरातील कन्या स्वतःच्या नावे दान देत होती, एवढे या काही अक्षरांवरून निश्चित म्हणता येते. त्याच लेण्यांत पैठणच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचेही दान आहे. द्रव्यगुणाच्या अभ्यासकाने त्या काळच्या व्यापाराचा विचार करावा, इतके साहित्य येथे पडून आहे.

प्रमाणविचार

वैद्याला ही विद्या परकी वाटू नये, याचे एक सबळ कारण आहे. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा चरकाने सांगितली आहे. इतिहासकारही हेच करतो. समकालीन व विश्वासार्ह साक्षीदाराचे वचन तो आप्तोपदेशाप्रमाणे घेतो, मात्र साक्षीदार खरोखर आप्त आहे की नाही हे आधी तपासतो. कागद, शाई, लिपी व दगड यांची प्रत्यक्ष परीक्षा करतो. त्यावरून अनुमान बांधतो आणि अनेक कारणे एकत्र जुळवून युक्तीने निर्णयास येतो. रुग्णाने सांगितलेली हकिकत व नाडीने सांगितलेली हकिकत यांत अंतर पडले असता सुज्ञ वैद्य जसा थांबतो, तसाच बखर आणि पत्र यांत विरोध आला की इतिहासकार थांबतो.

हा संयम आपल्या प्रांताभिमानाच्या बाबतीतही पाळावा लागतो. भास्कराचार्य पाटणचेच, असे खानदेशात पुष्कळदा ठामपणे सांगितले जाते. शिलालेख मात्र नातवाच्या मठाची ग्वाही देतो, आजोबांच्या जन्मस्थानाची नव्हे. स्वतः भास्कराचार्यांनी सह्याद्रीच्या आश्रयास असलेल्या विज्जलविड या गावाचा निर्देश केला असून त्या गावाच्या निश्चितीबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. मठाचा निर्विवाद मान पाटणला आहे. त्याहून अधिक सिद्ध झाल्याचे सांगणे हा अभिमान असेल, इतिहास नव्हे.

आयुर्वेदाच्या कालनिर्णयातही हीच सावधगिरी हवी. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे मिळालेल्या भूर्जपत्रावरील हस्तलिखितात लसूणकल्प असून त्यात सुश्रुत हा काशिराजास प्रश्न विचारतो. लिपीवरून ते हस्तलिखित साधारणतः पाचव्या-सहाव्या शतकातील ठरते. त्या काळी सुश्रुत व काशिराज यांची परंपरा एवढ्या दूरवर पोचली होती, हे त्यावरून सिद्ध होते. आजची सुश्रुतसंहिता अक्षरशः तशीच तेव्हा होती, हे मात्र सिद्ध होत नाही. आपल्या शास्त्राचे प्राचीनत्व सिद्ध करताना जो पुराव्यापलीकडे जातो, तो विरोधकाच्या हाती आयते शस्त्र देतो.

शिक्षण आणि उपजीविका

आता पोटापाण्याचा प्रश्न. इतिहास विषयात एम. ए. केल्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे हा महाविद्यालयीन अध्यापनाचा रूढ मार्ग आहे. पूर्णवेळ जागा मर्यादित असून अनेकांना काही वर्षे तासिका तत्त्वावर काढावी लागतात, हे पालकांपासून लपविण्यात अर्थ नाही. जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाल्यापासून खानदेशच्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी दूर जाण्याची सक्ती उरलेली नाही. पुरातत्त्वाकडे ओढा असणाऱ्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा विचार करावा. संशोधनास भारतीय इतिहास अनुसंधान परिषद शिष्यवृत्ती देते. याखेरीज पुरातत्त्व खाते, पुराभिलेख संचालनालय, वस्तुसंग्रहालये व हस्तलिखित ग्रंथालये यांतही या विषयाच्या जाणकारांस काम असते.

पदवीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व लिपी व भाषा यांना आहे. मोडी वाचता येत नसेल तर मराठी कागदपत्रांचे दार बंदच राहते. फारसी येत नसेल तर फारुकी व मोगलकालीन खानदेश परकाच राहतो. मोडी वाचकाची व्यावहारिक गरजही अलीकडे सर्वांच्या लक्षात आली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुनी मोडी दप्तरे वाचणाऱ्यांची सर्वत्र विचारणा झाली.

आयुर्वेदाच्या पदवीधरास येथे एक वेगळी संधी आहे. संस्कृत व आयुर्वेदाचा इतिहास हे विषय आपल्या अभ्यासक्रमातच आहेत. संहिता व सिद्धान्त या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणारा ग्रंथेतिहासाकडे सहज वळू शकतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय वैद्यक वारसा संस्था याच क्षेत्रात काम करते. सामान्य इतिहासकारास ‘भावना’, ‘पुट’, ‘अनुपान’ या शब्दांशी अडखळावे लागते; वैद्यास ते घरचे असतात. उलट, वैद्यास कागदाची परीक्षा शिकावी लागते. दोन्ही गोष्टी जाणणारे अभ्यासक फार थोडे आहेत आणि काम अफाट आहे. ज्यास पूर्णवेळ हा मार्ग पत्करणे शक्य नाही, त्याने चिकित्सा सांभाळून नानासाहेब देवांप्रमाणे एक मर्यादित विषय हाती घ्यावा.

आपल्या माळ्यावरची साधने

खानदेशातील जुन्या वैद्य घराण्यांत लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या, मोडीतील योगांची बाडे, रोजकीर्दी व उसनवारीच्या वह्या अजूनही असतात. संहितेत काय लिहिले आहे हे आपण सर्व जाणतो. परंतु शंभर-दीडशे वर्षांपूर्वी यावल किंवा शिरपूरच्या वैद्याने हिवतापात प्रत्यक्ष काय दिले, कोणती वनस्पती सातपुड्यातून आणविली, तिला कोणत्या अहिराणी वा पावरी नावाने ओळखले, तोळ्या-माशांत किती मात्रा घातली, हे केवळ अशा बाडांवरूनच कळू शकते. घर पाडताना किंवा वाटणी होताना हे कागद रद्दीत जातात अथवा श्रद्धेने नदीत सोडले जातात. जलसमाधी दिलेली पोथी पुन्हा कोणासही वाचता येत नाही.

म्हणून आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे. बाड सापडल्यास त्यातील पानांचा क्रम बदलू नये व सुटी पाने टाकून देऊ नयेत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. वेखंडाच्या पुरचुंड्या कोरड्या जागी पोथीजवळ ठेवण्याची आपली जुनी पद्धत चालू ठेवावी. प्रत्येक पानाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि बाड कोणाच्या घरी, कोणत्या गावी, कोणाकडून आले, हे एका कागदावर लिहून सोबत ठेवावे. ही नोंद नसेल तर उत्तम हस्तलिखितही अर्धे मुके होते. जुन्या वह्यांत रुग्णांची नावे असल्यास ती प्रसिद्ध करताना गाळावीत. वैद्याचा गोपनीयतेचा धर्म मृत रुग्णांपुरताही सुटत नाही. मूळ प्रत घरी सांभाळणे शक्य नसेल तर रीतसर पावती घेऊन ती संशोधन संस्थेच्या स्वाधीन करावी. त्यातील योग जुना आहे एवढ्यावरून तो रुग्णास देऊ नये, हे सांगण्याची वैद्यांस गरज नसावी. तरीही बाडातील सांकेतिक नावे व रसकल्प यांचा विचार करता आम्ही ते आवर्जून लिहीत आहोत.

आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक वैद्याने येत्या दिवाळीच्या साफसफाईत घरचा माळा स्वतः पाहावा व जे सापडेल त्याची यादी करावी, एवढीच विनंती आहे. आपल्या घरातील तरुणास इतिहासाची आवड असेल तर ती यादी त्याच्याकडूनच करून घ्यावी. त्या कामात त्याचे मन रमले, तर तो या व्यवसायास योग्य आहे असे समजून त्यास पुढील शिक्षणाची मोकळीक द्यावी.