तीन कादंबऱ्या : आमचें स्पष्ट मत

कादंबरीवाचन म्हणजे वेळेचा अपव्यय, असें मानणारी वडील मंडळी अद्यापि पुष्कळ घरांतून आढळते. उलटपक्षीं, छापलेलें तेवढें सर्व वाचनीय, असें समजणारी तरुण मंडळीही कमी नाहीं. आम्हांस दोन्ही पक्ष मान्य नाहींत. धान्य जसें निवडून घ्यावें, तसेंच पुस्तकही. गेल्या चातुर्मासांत आम्ही तीन नामांकित कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. त्यांविषयींचें मत भीडभाड न ठेवतां येथें देतों.

पहिली हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?'. १८९० सालीं 'करमणूक' पत्रांतून ती क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. यमू आपली कहाणी स्वमुखानें, घरगुती भाषेंत सांगते. पाल्हाळ फार आहे, हें खरें. परंतु वैधव्यानंतर तिचें बळजबरीनें केशवपन होतें, तेथें पुस्तक क्षणभर खालीं ठेवावेंच लागतें. एकटे शंकरमामंजी दुष्ट, असें म्हणून वाचकास सुटतां येत नाहीं. भोंवतालचीं चांगलीं माणसें गप्प बसतात, हेंच खरें मर्म. ही कादंबरी सुनांच्या हातीं द्यावी काय, असें कोणी विचारल्यास आमचें उत्तर असें कीं, ती प्रथम सासऱ्यांनीं वाचावी. केशवपनाची चाल गेली. परंतु बाईमाणसाचें बोलणें अर्ध्यावर तोडण्याची चालही गेली, असें छातीवर हात ठेवून किती घरें म्हणतील?

दुसरी वि. स. खांडेकर यांची 'ययाति' (१९५९). हिला १९६० चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. पुढें १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही खांडेकरांस लाभला. महाभारताच्या आदिपर्वांतील ययाति पुत्राचें तारुण्य घेऊन सहस्र वर्षें भोग भोगतो आणि भोगानें वासना शमत नाहीं, हें अखेर ओळखतो. या कथेंत खांडेकरांनीं पुष्कळ फेरफार केला, याबद्दल आमची तक्रार नाहीं. कालिदासानेंही शकुंतलेची कथा बदललीच आहे. खटकतें तें निराळेंच. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली हकीकत सांगतात. परंतु तिघांच्याही तोंडीं लेखकाचींच सुभाषितें येतात. दागिन्यांनीं मुख झांकून जावें, तसें होतें. शिवाय मूळ कथेंत शर्मिष्ठेनें विहिरींत ढकललेली व पतीनें फसविलेली देवयानी येथें केवळ अहंकाराची मूर्ति दिसते. हा न्याय नव्हे.

तिसरी विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' (१९३९). युरोपांतून परतणारा चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनींतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची बोटीवर गांठ पडते. पुस्तक लहान, वायफळ शब्द नाहीं. शेवट सांगून आम्ही रसभंग करीत नाहीं. प्रेमप्रसंग मोकळे आहेत. पंक्तीनंतर सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचण्याजोगें हें पुस्तक नव्हे. परंतु कॉलेजांतील मुलामुलींस तें अवश्य द्यावें. जातिद्वेष राज्यकर्त्यांच्या भाषणांतून निघून दोन जीवांच्या मध्यें कसा येऊन उभा राहतो, हें इतक्या थोड्या पृष्ठांत दाखविणारें दुसरें मराठी पुस्तक आमच्या वाचनांत नाहीं.

रचनेच्या दृष्टीनें आम्ही पहिला मान 'रणांगण'ला देतों. परंतु घरांत एकच ठेवावयाची झाल्यास यमूची कहाणी ठेवूं. वडिलांस आमची एवढीच विनंति कीं, पुस्तक दडविण्याऐवजीं आधीं स्वतः वाचावें, मग मुलांशीं त्यावर बोलावें. दडविलेलें पुस्तक मुलें वाचतातच. फक्त मग त्याविषयीं तीं आपल्याशीं बोलत नाहींत.