अठरा आरसे, एक तारा

साडेसहा मीटर व्यासाचा अखंड आरसा रॉकेटच्या टोकात मावणार कसा? जेम्स वेब दुर्बीण बनवणाऱ्यांनी त्याचे 18 षट्कोनी तुकडे केले. प्रत्येक तुकडा बेरिलियम धातूचा, सुमारे 1.3 मीटर रुंद, वर सोन्याचा पातळ मुलामा. दोन्ही बाजूंचे तीन-तीन आरसे दुमडून 25 डिसेंबर 2021 रोजी दुर्बीण निघाली आणि 15 लाख किलोमीटरवर जाऊन पोहोचली. हबल दुर्बिणीच्या आरशातील दोषावर 1993 साली अंतराळवीरांनी तेथे जाऊन उपाय केला होता. पण हबल जेमतेम 600 किलोमीटरवर! वेबसाठी ती सोय नव्हती. जे करायचे ते पृथ्वीवरून संदेश पाठवूनच.

फेब्रुवारी 2022 मध्ये दुर्बीण सप्तर्षी तारकासमूहातील एचडी 84406 या ताऱ्याकडे रोखली. तारा एक, ठिपके मात्र अठरा! प्रत्येक आरसा जरा वेगळ्या दिशेला पाहत होता. कोणता ठिपका कोणत्या आरशाचा? एकेक आरसा किंचित हलवायचा आणि कोणता ठिपका सरकतो ते पाहायचे. (नव्या घरात दिव्यांची बटणे आपण अशीच ओळखतो.)

मग ठिपके एकावर एक आणले. काम संपले असे तुम्हाला वाटेल, पण खरी गंमत पुढेच आहे. एवढ्याने प्रकाश अठरा आरशांचा मिळतो, बारकावे मात्र एकाच लहान आरशाइतके दिसतात. कारण प्रकाश हा तरंग आहे. समजा, एक आरसा शेजाऱ्यापेक्षा अर्धा मायक्रॉन मागे आहे. प्रकाशाला जाताना अर्धा आणि परतताना अर्धा, असा एक मायक्रॉन जादा प्रवास पडतो. तरंगलांबी 2 मायक्रॉन असेल, तर एका तरंगाचे शिखर नेमके दुसऱ्याच्या दरीवर येते आणि दोघे एकमेकांना पुसून टाकतात.

हा फरक मोजण्यासाठी दोन-दोन आरशांचा प्रकाश एकत्र करून त्याचा वर्णपट पाडला. पातळी सारखी नसेल तर त्यावर तिरपे पट्टे उमटतात. तिरपेपणावरून फरक कळतो. अशा 20 जोड्या तपासल्या. आरशांमागील मोटारी सुमारे 10 नॅनोमीटरचे पाऊल टाकू शकतात. केसाच्या जाडीइतके सरकायला अशी हजारो पावले लागतील. शेवटची दुरुस्ती मुद्दाम अस्पष्ट केलेल्या प्रतिमांवरून गणिताने काढली.

16 मार्च 2022 रोजी प्रसिद्ध झालेल्या चित्रात एकच रेखीव तारा होता. आणि त्याच्या मागे, कोणी नेम धरला नसतानाही, कितीतरी दीर्घिका उमटल्या होत्या.