तळहाताच्या उबेनं चिकटणारं कापड

अर्ध्या चिरलेल्या लिंबाभोवती मेणकापडाचा तुकडा गुंडाळा आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत क्षणभर धरून ठेवा. ताठ कापड नरम पडतं, लिंबाच्या गोलाईवर बसतं. आता हात काढून घ्या. कापड सुटतच नाही! दोरा नाही, रबरबँड नाही, झाकण नाही. फ्रीजमध्ये गेल्यावर तर ते आणखी घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी उलगडा, थंड पाण्यानं धुवा, वाळवा, की वाटीवर झाकायला पुन्हा तयार.

यात असतं काय? सुती कापड, मधमाश्यांचं मेण, झाडाची राळ आणि थोडं जोजोबाचं तेल. एवढंच.

ज्याची जागा हे कापड घेतं त्या प्लॅस्टिकच्या क्लिंग रॅपची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डाऊ केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत राल्फ वायली हा कॉलेजात शिकणारा तरुण काचेची भांडी घासायचं काम करत होता. एका भांड्याला चिकटलेला थर काही केल्या निघेना. पाणी, हवा, रसायनं, कशालाच दाद न देणारा हा पदार्थ पुढे ‘सरान’ नावानं ओळखला गेला. समुद्राच्या खाऱ्या तुषारांपासून वाचवायला आधी तो लढाऊ विमानांवर फवारला गेला आणि १९५३ मध्ये घराघरांत अन्न झाकायला आला. घासून न निघणं हाच त्याचा मोठा गुण होता.

मधमाशी मात्र अन्न झाकून ठेवण्याचं हे काम माणूस भांडी घासायला लागायच्या कितीतरी आधीपासून करत आली आहे.

मेण येतं कुठून? फुलांतून, असं अनेकांना वाटतं. नाही, ते माशीच्या अंगातून येतं! कामकरी माशी साधारण १२ ते १८ दिवसांची झाली की तिच्या पोटाखालच्या मेणग्रंथी जोमात येतात. चार जोड्या, म्हणजे आठ ग्रंथी. माशी मध खाते, त्यातल्या साखरेचं या ग्रंथी मेण करतात, ते पातळ मेण बाहेर झिरपतं आणि हवा लागताच थिजून त्याचा पारदर्शक पापुद्रा होतो. एका पापुद्र्याचं वजन जेमतेम एक मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम मेणाला हजारभर पापुद्रे. तुमच्या लिंबावरच्या कापडात दहा ग्रॅम मेण आहे असं धरलं, तर ते दहा हजार पापुद्रे झाले! एक किलो मेण तयार व्हायला सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असा एक अंदाज आहे. त्या हिशेबानं कापडाच्या एका तुकड्यात साठ ते ऐंशी ग्रॅम मध मुरलेला असतो. फुलातली साखर आता तुमच्या लिंबाचा ओलावा राखते आहे.

पोळं बांधताना माश्या एकमेकींचे पाय धरून माळेसारख्या लोंबकळतात. पोटाखालचा पापुद्रा पायानं ओढून तोंडाशी आणायचा, जबड्यांनी चावायचा, लाळ मिसळून मळायचा आणि भिंतीवर थापायचा. ती भिंत किती जाड? मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ. पण मेण मळता येतं ते कशामुळे? पोळ्यातल्या उबेमुळे. पिल्लं वाढतात त्या भागाचं तापमान माश्या ३५ अंशांच्या आसपास राखतात. थंडी पडली की छातीचे स्नायू थरथरवून स्वतःच उष्णता निर्माण करतात. या तापमानाला मेण मळण्याइतकं मऊ असतं आणि तरीही वितळत नाही. त्यासाठी ६२ ते ६४ अंश लागतात.

आता आपल्या तळहाताचं तापमान आठवा. तेही तिशीच्या घरात, पस्तिशीच्या जवळच! माशी ज्या उबेत भिंत घडवते, जवळजवळ त्याच उबेत आपण कापडाला वाटीचा आकार देतो. आणि फ्रीजमधल्या चार-पाच अंशांत तो आकार थिजून राहतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांतसुद्धा मेण वितळून वाहत नाही, नरम पडतं इतकंच.

मेणात डोकावलं तर आणखी गंमत दिसते. मेणात तीनशेच्या आसपास वेगवेगळे घटक सापडले आहेत. त्यांतल्या एका मुख्य घटकाचा रेणू म्हणजे ४६ कार्बन अणूंची लांबलचक साखळी, तिला दोन्ही बाजूंनी हायड्रोजन लगडलेले. पुड्यातल्या सुक्या शेवयांसारख्या या साखळ्या एकमेकींना चिकटून पडलेल्या असतात. पाण्याशी त्यांचं जमत नाही, त्यामुळे पाण्याला आत शिरायला वाटच मिळत नाही. ऊब मिळाली की साखळ्या जरा सैल होऊन एकमेकींवरून सरकतात, थंडावा आला की पुन्हा गच्च बसतात. चिकटण्याचं रहस्य ते हेच.

पण नुसतं मेण घडीवर तडकतं आणि पुरेसं धरतही नाही. म्हणून राळ. झाडाला जखम झाली की ती बुजवायला झाड जो चीक सोडतं, त्यापासून मिळणारी ही राळ कापडाला चिवट पकड देते. आणि जोजोबाचं तेल कापड लवचिक ठेवतं. मला सगळ्यांत आवडतं ते हे तेल, कारण ते मुळात तेलच नाही! अमेरिकेच्या वाळवंटातल्या या झुडपाच्या बियांतून निघतं ते द्रवरूप मेण. रचनेनं ते मधमाशीच्या मेणाचं नातलग, आणि म्हणूनच स्वयंपाकाच्या तेलासारखं लवकर खवट होत नाही.

कापडात गुंडाळलेल्या भाजीला याचं काय? खुडलेली कोथिंबीर मेलेली नसते. ती श्वास घेत असते, ऑक्सिजन आत ओढून कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि किंचित उष्णता बाहेर टाकत असते. घट्ट प्लॅस्टिकमध्ये ती वाफ थेंब होऊन पानांवर बसते आणि पानं काळी पडून सडतात. मेणकापड ओलावा बराचसा धरतं, पण त्याच्या घड्यांतून थोडी हवा खेळती राहते. ओल्या फडक्यात पालेभाजी बांधून ठेवणाऱ्या आपल्या आज्या हेच साधत होत्या.

गरम भाजीच्या पातेल्यावर मात्र हे कापड घालू नका. मायक्रोवेव्हपासून आणि कढत पाण्यापासूनही लांब ठेवा. कच्च्या मासळी-मटणाला तर ते लावूच नये, कारण त्यांचे जंतू घालवायला गरम पाणी हवं आणि गरम पाण्यात मेणच निघून जाईल. नीट वापरलं तर एक तुकडा वर्षभर सहज चालतो. पकड कमी झाली की वर किसलेलं मेण भुरभुरायचं, बटर पेपरच्या दोन पदरांत ठेवायचं आणि इस्त्री फिरवायची.

आणि पार विरल्यावर? सुती कापडासकट ते मातीत जिरतं. मेण खाणारे जीव निसर्गात आहेतच. मधपाळांना पुरता ठाऊक असलेला मेणपतंग त्यांतलाच, त्याच्या अळ्या पोळ्यातलं मेण खाऊन वाढतात. फेदेरिका बेर्तोक्कीनी ही शास्त्रज्ञ हौसेनं मधमाश्या पाळत असे. तिनं आपल्या पेट्यांतल्या या अळ्या काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकल्या. थोड्या वेळानं पाहते तो पिशवीला भोकं! २०१७ मध्ये तिनं आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि २०२२ मध्ये अळीच्या लाळेतली पॉलिथिनवर हल्ला करणारी विकरं वेगळी करून दाखवली. असं का घडावं? पॉलिथिनही कार्बन-हायड्रोजनचीच साखळी आहे, मेणाच्याच घराण्यातली. फरक लांबीचा. मेणाच्या रेणूत चाळीस-पन्नास कार्बन, तर पॉलिथिनच्या एकेका रेणूत हजारो. आखूड साखळी मातीतले जंतू फस्त करतात, लांब साखळीपाशी बहुतेकांची दातखीळ बसते.